गुहेत ड्रिल चालवायचं कशावर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूरला माझं मोटर रिवाइंडिंगचं छोटं वर्कशॉप आहे. आठवडाभर जळालेल्या मोटरी आणि रविवारी डोंगर. त्यामुळे दोन्हीकडची माणसं माझ्याकडे टपकतात: गडांवरची गाळानं बुजलेली टाकी उपसणारे, सुळक्यांवर दोर अडकवायला बोल्ट मारणारे, आणि हिवाळ्यात मेघालयात गुहा धुंडाळायला जाणारी आमची चार-पाच मंडळी. प्रश्न फिरून फिरून तेच येतात. फोनवर तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

भाऊ, नाशिकजवळ खोदायला एखादी गुहा सांगा ना.

नाही सांगणार. पांडवलेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. १९५८ च्या कायद्यानुसार अशा स्मारकाला धक्का लावणं गुन्हा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि पुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र धरलं जातं. डोंगरातली बाकीची लेणी-टाकी कुठे राज्य पुरातत्त्वाकडे, कुठे वन खात्याकडे. टाक्यातला गाळ काढायचा असला तरी आधी लेखी परवानगी काढा, ड्रिल तर पिशवीतून बाहेरही काढू नका. गाळ फावड्यानं निघतो.

तसंही आपला सह्याद्री लाव्हाचा. चुनखडीत पाणी मुरून, दगड विरघळून मैलोन्‌मैल गुहा होतात, तसं इथे होत नाही. तशा गुहा मेघालयात आहेत. क्रेम लियात प्राह ही ३० किलोमीटरहून लांब, आणि वालुकाश्मातली क्रेम पुरी सुमारे साडेचोवीस. खासी भाषेत ‘क्रेम’ म्हणजे गुहा. तिथे पुढची वाट दगड-मातीनं बुजलेली असते, पलीकडून वारा येत असतो, आणि मग खोदायची खाज सुटते. पुढची उत्तरं अशा कामासाठी, आणि तीही तिथल्या गावाची परवानगी घेऊन. वाटेत वटवाघळांची वसाहत लागली तर सामान उचला आणि परत फिरा.

बॅटरी, जनरेटर की कॉम्प्रेसर? एका वाक्यात सांगा.

बॅटरी.

एका बॅटरीत किती भोकं पडतात?

हा प्रश्न नीट समजला तर बाकीचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

व्होल्ट बघू नका, अँपिअर-अवर एकटे बघू नका. दोन्ही गुणा. १८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॉट-अवर. ही तुमची शिदोरी. आता खर्च. एसडीएस-प्लस चकचं (चक म्हणजे बिट, ड्रिलचं टोक, धरणारा जबडा) हॅमर ड्रिल कठीण दगडात साधारण ४०० ते ५०० वॉट ओढतं. घट्ट काळ्या दगडात १० मिलिमीटर व्यासाचं, ८० मिलिमीटर खोल भोक ४० सेकंदांत पडलं असं धरू. ४५० गुणिले ४० म्हणजे १८,००० जूल, म्हणजे बरोबर ५ वॉट-अवर. नव्वदला पाचनं भागलं की १८ भोकं. शेवटी ड्रिल मान टाकतं तेव्हाची दोन-तीन सोडा. हातात १५ आली.

खरी मेख पुढे आहे. खर्च भोकांच्या संख्येवर नाही, दगडाचं पीठ किती काढलं यावर ठरतो. वरच्या भोकातून सव्वासहा घन सेंटिमीटर दगड निघतो. दगड फोडायला पाचर मारायची म्हणून १६ मिलिमीटरचं, १५० मिलिमीटर खोल भोक घेतलंत तर ३० घन सेंटिमीटर. जवळजवळ पाचपट. तीच बॅटरी आता चार भोकांनाही पुरणार नाही. उलट ८ मिलिमीटरचं ४५ खोल भोक सव्वादोन घन सेंटिमीटरचं, त्यात चाळीसच्या वर जाल. म्हणून कुणी ‘माझी बॅटरी चाळीस भोकं मारते’ म्हणाला की आधी विचारायचं, कसली?

दगडाचाही फरक मोठा. विहीर खोदणारी जुनी माणसं मुरूम, मांजऱ्या आणि काळा फत्तर असे भेद करतात, ते उगाच नाही. मांजऱ्यात पांढऱ्या खड्यांच्या गाठी असतात (सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेमागे चमकतात त्याच घराण्यातल्या). त्यात बिट भराभर जातं, पण गाठ लागली की तिरकं सरकतं. काळ्या फत्तरात सरळ जातं, फक्त घाम काढतं. घरी परसातल्या एखाद्या दगडावर घड्याळ लावून एक भोक मारा आणि स्वतःचा आकडा काढा. माझा आकडा तुमच्या ड्रिलला लागू होईलच असं नाही.

दुकानात १८, २० आणि २१ व्होल्ट असे तीन प्रकार दिसतात. २१ घेऊ ना?

तिन्ही एकच. आत पाच लिथियम सेल एका ओळीत. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पाचाचे १८. पूर्ण भरल्यावर सेल ४.२ वर जातो, पाचाचे २१. कुणी सरासरी छापतो, कुणी कमाल. आपल्या बाजारात ४८, ८८ असलेही आकडे रंगवलेले दिसतात. त्यांच्याकडे बघून हसावं आणि पुढच्या दुकानात जावं.

अँपिअर-अवरमध्ये मात्र खरी लबाडी चालते. ‘२१ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर’ छापलेली एक बॅटरी मी हौसेनं आणली. पाचव्या भोकाला ड्रिल थांबलं. घरी येऊन चार स्क्रू काढले, तर आत दहा सेलची जागा आणि सेल पाचच, उरलेल्या खोबणीत प्लास्टिकची भिंत. तेव्हापासून मी दुकानात बॅटरी हातावर तोलतो. १८६५० मापाचा एक सेल ४५ ग्रॅमच्या आसपास असतो. दहा सेलचेच साडेचारशे ग्रॅम झाले, वर डबा. तीनशे-साडेतीनशे ग्रॅमची बॅटरी ‘५’ म्हणत असेल तर ती खोटं बोलते. अपवाद एवढाच, की २१७०० मापाचे जाड सेल असले तर पाचांतही ४ अँपिअर-अवर बसतात. सेल कुठला आहे ते विचारा. दुकानदार चिडला तर उत्तर मिळालं.

मोठी बॅटरी बाहेर ठेवून लांब वायर आत नेली तर?

आम्ही केलंय. अंगाशी आलंय.

वीस मीटर आतल्या अरुंद फटीत काम होतं. घरच्या वायरिंगला वापरतात ती अडीच स्क्वेअरची (अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची) वायर घेतली, बाहेर १८ व्होल्टचा दणकट पॅक ठेवला. ड्रिल मोकळं फिरवलं तर छान घोंघावलं. दगडाला टेकवलं आणि गुरगुरून गप्प. काढलं की फिरतंय, टेकवलं की मेलंय. तासभर आम्ही ड्रिललाच शिव्या दिल्या.

ड्रिल बिचारं ठीक होतं. वीस मीटर जायचे, वीस यायचे, अशा चाळीस मीटर तांब्याचा रोध सुमारे ०.३ ओहम. ४५० वॉट ओढायला १८ व्होल्टवर २५ अँपिअर लागतात. २५ गुणिले ०.३ म्हणजे साडेसात व्होल्ट वायरीतच गेले. उरले साडेदहा. रिकामं फिरताना करंट कमी, म्हणून तोटा दिसत नाही. भार आला की सगळं उघडं पडतं. शेतातल्या मोटरीला लांबून बारीक केबल टाकली की ती गरम होते आणि जळून माझ्याकडे येते, तेच हे.

उपाय तीन. पहिला आणि सोपा: बॅटरी अंगावर घ्या. दुसरा: वायर दीड-दोन मीटरचीच आणि जाड, वेल्डिंग केबलसारखी. तिसरा: ३६ व्होल्टचं ड्रिल. करंट निम्मा होतो, वायरीतले व्होल्टही निम्मे जातात आणि तेही दुप्पट दाबातून, म्हणजे तोट्याची टक्केवारी पावपट. वरच्याच वायरीवर ३६ पैकी पावणेचार व्होल्ट गेले असते. काम झालं असतं.

यूपीएसची किंवा बाइकची जुनी बॅटरी पडून आहे. चालेल?

चालेल, पण पाठ मोडेल. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी दोन-अडीच किलोची. कागदावर ८४ वॉट-अवर. पण हा आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी केली तरचा. ड्रिलसारखा वीस-पंचवीस अँपिअरचा घोट घेतला की निम्मीच मिळते. पूर्वी २४ व्होल्टच्या ड्रिलला अशा दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून गुहांत काम चालायचं, कारण दुसरं काही नव्हतं. आज तेवढ्या वजनात लिथियम कितीतरी जास्त देतं. बाइकची तर मुळी स्टार्टर फिरवायला बनवलेली. ती पार रिकामी करत राहिलात तर पाच-दहा वेळांत संपते. पडून असेल तर तळावरच्या दिव्यांना लावा.

आणि एक: शिशाची बॅटरी बंद डब्यात ठेवून चार्ज करू नका. हायड्रोजन सुटतो.

मला स्वतः पॅक बनवायचा आहे.

बनवा, पण ई-स्कूटरच्या भंगार पॅकमधले सेल घेऊन नको. कोणता कधी ताणला गेलाय हे बाहेरून कळत नाही.

मी हल्ली १८ व्होल्टच्या ड्रिलसाठी लिथियम आयर्न फॉस्फेटचे सहा सेल ओळीत घेतो. एकाचे ३.२, सहाचे १९.२ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर २१.९. तुमच्या ड्रिलचं सर्किट एवढं सहन करतं का ते आधी बघा. साध्या लिथियमपेक्षा जड पडतो, पण ठेचला-चेपला तरी लवकर पेट घेत नाही. अरुंद भोकात, निघायची वाट एकच असताना, बॅटरीचा धूर म्हणजे काय ते डोळे मिटून कल्पना करा. दोनशे ग्रॅम जास्त परवडतात.

बीएमएस (सेल जास्त भरू किंवा पार रिकामे होऊ न देणारं सर्किट) लावाच. बिट अडकलं की ड्रिलचा करंट क्षणात कितीतरी पटींनी चढतो, म्हणून सेलच्या अगदी जवळ फ्यूज. घरातला एमसीबी लावू नका. तो एसीसाठीचा आहे, डीसीचा ठिणगीचा जाळ त्याला नीट तोडता येत नाही. कनेक्टर असा घ्या की उलटा बसणारच नाही. ‘मी लक्ष ठेवीन’ असं म्हणू नका. सहा तास चिखलात लोळल्यावर कुणाचंच लक्ष नसतं.

पेट्रोलचा छोटा जनरेटर गुहेच्या तोंडाशी ठेवला तर? आत थोडाच नेतोय.

नाही. याला ‘पण’ नाही.

गुहा श्वास घेते. दोन तोंडं असतील तर उन्हाळ्यात आतली थंड, जड हवा खालच्या तोंडातून बाहेर पडते आणि वरच्या तोंडातून बाहेरची आत ओढली जाते. हिवाळ्यात उलटं. तुम्ही ज्या तोंडाशी इंजिन ठेवलं ते श्वास आत घेणारं असेल तर सगळा धूर तुमच्या सोबत्यांकडे. दुसरं तोंड तुम्हाला माहीतही नसतं. तेच तर शोधायला खोदताय ना!

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, माणूस म्हणतो दमलो वाटतं, जरा बसतो. आणि बसतो तो बसतोच. विहिरीत इंजिन उतरवून पाणी उपसायला गेलेल्यांचं काय होतं हे आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. गुहा म्हणजे आडवी विहीर.

जनरेटर हवाच तर तळावर, तोंडापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. त्याचं काम बॅटऱ्या चार्ज करायचं, बस.

मग जनरेटर लांब ठेवून २३० व्होल्ट आत नेऊ? वायरीतला तोटा तर कमी होईल.

तोटा नगण्य होतो हे खरं. ८०० वॉटला साडेतीन अँपिअर, त्याच अडीच स्क्वेअर वायरीत जेमतेम एक व्होल्ट जातो. गणित मोहात पाडणारं आहे. पण वायर चिखलातून, धारदार दगडावरून जाते आणि तुम्ही ओल्या कपड्यांत त्याच चिखलात पालथे. तिथे २३० व्होल्ट मला नको.

‘आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावतो की’ म्हणणाऱ्यांसाठी. छोट्या पोर्टेबल जनरेटरचं न्यूट्रल बऱ्याचदा अर्थिंगला जोडलेलंच नसतं. मग गळती झाली तरी करंटला परतीची वाट नाही, आरसीसीबीला फरक दिसत नाही, तो पडत नाही. गंमत म्हणजे त्याचं टेस्ट बटण दाबलं तर तो ऐटीत पडतो, कारण ते बटण फेज-न्यूट्रलमध्येच आतून गळती बनवतं. म्हणजे तपासणी पास, संरक्षण शून्य. ब्रिटनमध्ये बांधकामांवर याच भीतीनं ११० व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर वापरतात. वाइंडिंगचा मध्य अर्थला जोडलेला, म्हणजे माणसाला बसला तरी ५५ व्होल्टचा झटका. असा ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळून देईन, पण डोंगरावर तो तुम्हीच वाहायचा.

विहिरीवरचा ट्रॅक्टर कॉम्प्रेसर?

विहिरीला उत्तम. सात किलो प्रेशरला जॅकहॅमर काळ्या फत्तरात जातो, ओल्यात शॉक नाही, यंत्र गरम होत नाही. पण ट्रॅक्टर गुहेपर्यंत जायला हवा, आणि वीसेक किलोचा हॅमर घेऊन पोटावर सरपटायला माणूसही हवा. रस्त्यालगतच्या कामात लावलात तर हवा आत घेणारं तोंड सायलेन्सरपासून दूर ठेवा, नाहीतर धूर नळीतून पोचेल. त्या हवेत तेलही असतं. तिला ‘ताजी हवा’ समजून श्वास घेत बसू नका.

अडलेला मोठा दगड फोडायचा कसा? थोडी दारू ठासून?

१८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम आहेत, परवान्याचं काम नागपूरच्या पेसोकडून (स्फोटकांवर देखरेख ठेवणारं केंद्रीय खातं) चालतं. परवाना नसेल तर विषय संपला. जमिनीखाली धूर कोंडतो आणि छत हलतं ते वेगळंच.

पाचर वापरा. वडार मंडळी पिढ्यान्‌पिढ्या दगड असाच काढत आलीत. एका ओळीत १०-१५ सेंटिमीटरवर भोकं, प्रत्येकात दोन पोलादी पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये पाचर. सुतकीनं एकेक ठोका, ओळीत फिरत. घाई करायची नाही. दोन फेऱ्या झाल्या की थांबायचं. सुरुवातीला आवाज टणटणीत येतो, प्रत्येक फेरीत सूर चढतो. मग एकाएकी सूर बसतो, ‘टण’चा ‘ठक’ होतो, आणि भोकांना जोडणारी केसाएवढी रेघ दिसते. दगड त्यानंतरही मिनिटभर स्वतःच उघडत असतो. तेवढ्यात विडी ओढणारे पाहिलेत, तुम्ही ओढू नका.

चार भोकांची ओळ म्हणजे वरच्या हिशेबानं एका बॅटरीहून थोडं जास्तच. म्हणून आधी दगडाभोवती हात फिरवा. नैसर्गिक भेग सापडली तर दोन भोकांत काम होतं. भेग शोधण्यात घालवलेली दहा मिनिटं हीच सगळ्यात स्वस्त वीज.

फुगणारी चुन्याची पावडरही मिळते. पण तिला ३० मिलिमीटरच्या पुढची भोकं लागतात, आपल्या ड्रिलचं ते काम नाही. शिवाय भोकातून उसळली तर डोळे जातात.

पंप, पंखा, दिवे यांचं काय?

दिवे सोडा, हेडलॅम्प दोन-तीन वॉट खातो.

पाणी उपसणं वाटतं तेवढं महाग नाही. हजार लिटर पाणी दहा मीटर वर चढवायला निखळ २७ वॉट-अवर लागतात. छोट्या पंपाची कार्यक्षमता ३० टक्के धरली तरी ९०. म्हणजे एक ड्रिल-बॅटरी. अर्ध्या एचपीचा घरगुती पंप मात्र इन्व्हर्टरवर लावू नका. सुरू होताना कितीतरी पट करंट मागतो आणि इन्व्हर्टर बसतो. १२ व्होल्टचा, बोटीतलं पाणी उपसायला असतो तसला घ्या.

पंख्याबद्दल गंभीरपणे. टोकाला दोघं तास-दोन तास खोदत असतील तर त्यांचाच उच्छ्वास साचतो. बाहेर कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के असतो. ३ टक्क्यांना धाप लागते, ५ ला बाहेर पडायला हवं, १० ला शुद्ध जाते. मेणबत्ती यावर फसवते, ती मुख्यतः ऑक्सिजन कमी झाला की विझते. मीटर घ्या. १२ व्होल्टचा २० वॉटचा पंखा आणि कापडी नळी पुरते, हवा टोकाकडे ढकलायची. ९० वॉट-अवरमध्ये चार तास. बॅटऱ्यांची वाटणी करताना ही बॅटरी आधी बाजूला काढा, ड्रिलची नंतर.

चिखल-पाण्यापासून कसं वाचवायचं?

रुंद तोंडाची, रबरी वायसर असलेली प्लास्टिकची बरणी बॅटरीला. ड्रिलला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, चकमागून. पण मोटरीची हवेची भोकं बुजवू नका. बुजवलेली ड्रिलं माझ्याकडेच येतात, वाइंडिंग काळं झालेली.

विमानात बॅटरी नेता येते?

१०० वॉट-अवरपर्यंत हातातल्या सामानात चालते. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते, जास्तीत जास्त दोन. त्यावर नाहीच. सुट्या बॅटऱ्या चेक-इनला टाकू नका, टोकांवर टेप लावा. ड्रिल मात्र चेक-इनमध्ये. म्हणून मी १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवरच नेतो, नव्वद वॉट-अवर. घरी बनवलेल्या पॅकवर छापील आकडा नसतो, तो सिक्युरिटीत राहतो. गुवाहाटीला रेल्वेनं गेलात तर वेळ जातो, पॅक वाचतो.

बिट कुठलं?

चार धारांचं कार्बाइड. दोन धारांचं भेगेत अडकतं. बोथट बिट बॅटरीचा दीडपट घास घेतं, म्हणून एक नवं नेहमी खिशात. भोकातलं पीठ रबरी फुग्यानं उडवा, तोंडाला एन-९५ आणि डोळ्यांना चष्मा. वालुकाश्मात तर मास्कशिवाय नकोच, ती सिलिका आहे.

आणि बॅटरी आतच संपली तर?

म्हणून माझ्या पिशवीत एक किलोचा हातोडा आणि हातानं मारायचा जुना बोल्ट असतोच. ३० मिलिमीटर खोल भोक, ठोका मारायचा, पाव वळसा फिरवायचा, पुन्हा ठोका. काळ्या दगडात अर्धा तास सहज जातो आणि मनगट दोन दिवस बोलतं. मागच्या खेपेला दोन बोल्ट असेच मारले. ज्यानं बॅटरी रात्री चार्जिंगला लावायची विसरली होती, त्यालाच मारायला लावले.